लोवेलची घंटा आणि दहा तासांचा दिवस

शेतकऱ्याच्या घरीं काम पुष्कळ असतें, पण त्या कामाचा वेळ कोणीं मोजून विकत घेतलेला नसतो. सुगीच्या दिवसांत तो पहांटेपासून अंधार पडेपर्यंत राबतो. तोच वाऱ्यापावसाच्या दिवशीं घरांत बसून अवजारें दुरुस्त करतो, शेजाऱ्याशीं दोन शब्द बोलतो. कामाचा चढउतार ऋतूवर अवलंबून असतो. गिरणी निघाली आणि ही स्थिति पालटली. गिरणींत मनुष्याच्या श्रमाबरोबर त्याचा वेळहि विकला जातो. आणि वेळ विकावयाचा ठरला म्हणजे लगोलग प्रश्न उभा राहतो कीं, चोवीस तासांपैकीं विकावयाचे किती, आणि स्वतःच्या देहासाठीं, मनासाठीं, घरच्या माणसांसाठीं राखावयाचे किती? हें प्रमाण ठरवावें कोणीं? मालकानें, बाजारानें कीं कायद्यानें?

अमेरिकेंत हा प्रश्न सरकारदरबारीं धसास लावणारांत एका गिरणगांवांतल्या तरुण मुली अग्रभागीं होत्या. त्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता; चारचौघांत उभें राहून बोलणें हें त्या काळीं तिकडेहि स्त्रीच्या मर्यादेबाहेरचें समजत. अशा मुलींनीं एका कायदेमंडळाला आपली तक्रार ऐकावयास कसें लावलें, त्यांत त्यांना यश किती आलें आणि अपयश किती, ही हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

मॅसॅच्युसेट्स हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ईशान्येकडील एक संस्थान. तेथील बोस्टन शहरचा फ्रान्सिस कॅबट लोवेल नांवाचा व्यापारी १८१० सालीं इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्रवासास गेला. कापसाच्या यंत्रांची विद्या त्या वेळीं इंग्रजांच्या हातीं होती, आणि ती यंत्रें व त्यांचे नकाशे परदेशीं नेण्यास त्यांच्या सरकारची सक्त मनाई होती. लोवेलनें गिरण्या हिंडून पाहिल्या, यंत्रमागाची रचना मनांत सांठविली, आणि मायदेशीं परतल्यावर पॉल मूडी या कुशल कारागिराच्या साहाय्यानें १८१४ च्या सुमारास वॉल्थम गांवीं तसा माग उभा केला. कापसाची गांठ एका दारानें आंत जावी आणि विणलेलें कापड दुसऱ्या दारानें बाहेर यावें, अशी एका छपराखालची गिरणी अमेरिकेंत प्रथम तेथें चालूं लागली. लोवेल स्वतः १८१७ सालींच वारला. त्याच्या भागीदारांनीं मग मेरिमॅक नदीचा कांठ निवडला. पॉटकेट धबधब्यापाशीं ही नदी सुमारें ३० फूट खालीं उतरते. त्या पाण्याच्या जोरावर चाकें फिरवावयाचीं, असा बेत होता. १८२३ सालीं तेथें पहिलें कापड निघालें. १८२६ सालीं त्या वस्तीला गांवाचा दर्जा व लोवेल हें नांव मिळालें, दहा वर्षांनीं तें शहर झालें, आणि १८५० सालीं त्याची लोकसंख्या ३३,००० च्या वर गेली. जेथें थोडींशीं शेतें होतीं तेथें एका पिढीच्या आंत गिरण्यांची रांग उभी राहिली.

आतां या गिरण्यांना माणसें आणावयाचीं कोठून? पुरुषांना शेती होती, आणि पश्चिमेकडे नवी जमीन त्यांना बोलावीत होती. शिवाय इंग्लंडांतल्या गिरणगांवांची कीर्ति फारशी चांगली नव्हती. तेथील दारिद्र्य व व्यसनें यांचीं वर्णनें अमेरिकेंत सर्वांनीं ऐकलीं होतीं, आणि आपल्या नव्या प्रजासत्ताकांत तसा दीन वर्ग उत्पन्न होऊं नये असें लोवेलच्या भागीदारांनाहि वाटत होतें. म्हणून त्यांनीं न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन आणि मॅसॅच्युसेट्स या भागांतल्या शेतकऱ्यांच्या मुलींकडे दृष्टि वळविली. बहुतेकींचें वय पंधरा ते तीसच्या दरम्यानचें. चार-दोन वर्षें काम करावें, पैसा गांठीं बांधावा आणि लग्न करून किंवा घरीं परत जाऊन संसाराला लागावें, अशी ही व्यवस्था होती.

आईबापांचा विश्वास बसावा म्हणून कंपन्यांनीं गिरण्यांशेजारीं विटांचीं वसतिगृहें बांधलीं. त्यांची देखरेख बहुधा एखाद्या पोक्त विधवेकडे असे. रात्रीं दहाला दार बंद होई. रविवारीं देवळांत गेलेंच पाहिजे असा नियम होता. वर्तनांत खोट दिसली तर मुलीला काढून टाकीत, आणि चांगलेपणाचा दाखला मिळाल्यावांचून तिला त्या शहरांतल्या दुसऱ्या गिरणींतहि जागा मिळत नसे. पण या कडक नियमांबरोबर दुसरेंहि कांहीं होतें. शहरांत वाचनालयें होतीं, व्याख्यानमाला होत्या. आठवड्याला सुमारें तीन डॉलर मजुरी पडे. त्यांतून सव्वा डॉलर राहण्या-जेवण्याचा वजा जाई. उरलेला पैसा मुलीच्या स्वतःच्या हातीं येई. कोणी त्यांतून भावाला शिकवी, कोणी बापाच्या शेतावरचें कर्ज फेडी, कोणी पेढींत आपल्या नांवाचें खातें उघडी. खेड्यांतल्या मुलीला याच्याइतकी रोख मिळकत शिक्षिकेच्या कामांतहि क्वचितच होई.

परदेशचे पाहुणे हें सारें पाहून थक्क होत. चार्ल्स डिकन्स १८४२ सालीं अमेरिकेंत आला असतां मुद्दाम लोवेलला गेला. कित्येक वसतिगृहांत पियानो आहे, मुली पुस्तकें वाचतात आणि स्वतःचें एक मासिक चालवितात, या तीन गोष्टींवर आपले इंग्रज वाचक विश्वास ठेवणार नाहींत, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. तें मासिक म्हणजे १८४० सालीं निघालेलें ‘लोवेल ऑफरिंग’. गिरणींत काम करणाऱ्या मुलींच्या गोष्टी, निबंध व कविता त्यांत छापून येत.

हें चित्र खोटें नव्हतें. परंतु तें अपुरें होतें. त्यांत घंटेचा आवाज नव्हता. उन्हाळ्यांत पहांटे पांचला घंटा होई आणि सायंकाळीं सातला काम सुटे. मध्यें न्याहारीला व दुपारच्या जेवणाला मिळून तासभर सुटी असे, तीहि धांवत वसतिगृहावर जाऊन धांवत परत येण्यांत संपे. वर्षाची सरासरी काढली तर आठवड्याला सुमारें ७३ तास काम पडे. सूत तुटूं नये म्हणून खोल्यांच्या खिडक्या बंद ठेवीत आणि हवा दमट राखीत. त्या हवेंत कापसाची पिंजण तरंगत असे.

पहिला संघर्ष मात्र तासांवरून झाला नाहीं, मजुरीवरून झाला. १८३४ च्या फेब्रुवारींत कंपन्यांनीं मजुरी कमी करण्याचा विचार जाहीर केला. सुमारें ८०० मुली काम टाकून बाहेर पडल्या, मिरवणुकीनें शहरांतून हिंडल्या, आणि पेढींतून आपला सांठविलेला पैसा काढून घेऊं लागल्या. आपण स्वातंत्र्याच्या लढाईंत लढलेल्या पुरुषांच्या कन्या आहों, गुलाम नव्हों, असें त्यांनीं आपल्या जाहीरनाम्यांत बजाविलें. हा संप थोड्याच दिवसांत मोडला. पुढें १८३६ च्या ऑक्टोबरांत वसतिगृहाचा आकार वाढविण्यांत आला. मजुरी तीच, मग ही कपातच नव्हे काय, असें म्हणून या वेळीं सुमारें १५०० मुली बाहेर पडल्या, आणि कांहीं कंपन्यांना ती वाढ मागें घ्यावी लागली. या संपांत हॅरिएट हॅन्सन नांवाची अकरा वर्षांची पोर होती. तिच्या खोलींतल्या थोरल्या मुली जावें कीं न जावें असा विचार करीत थबकल्या, तेव्हां हीच पुढें झाली आणि तिच्यामागून साऱ्या जणी निघाल्या. हॅरिएटची विधवा आई कंपनीचें एक वसतिगृह चालवीत होती. दुसऱ्यांच्या मुली आवरणें तुमच्या हातीं नसेल, पण स्वतःची मुलगी तरी आवरावयाची होती, असें सांगून तिला कामावरून काढण्यांत आलें.

वसतिगृह, वाचनालय, देऊळ हें सारें मालकाच्या कृपेचें होतें. आणि कृपा ज्यानें केली त्याला ती काढूनहि घेतां येते. मुलींना हें या दोन संपांनीं शिकविलें. १८३७ च्या आर्थिक मंदीनंतर हा धडा अधिकच पक्का झाला. जी मुलगी दोन माग सांभाळीत असे तिच्याकडे तीन, कधीं चार माग आले. यंत्रांची गति वाढली. आणि ज्या मुकादमाच्या खोलींत माल अधिक निघेल त्याला बक्षीस मिळूं लागलें. कापड वाढलें, त्या मानानें मजुरी वाढली नाहीं. आतां मुलींच्या ध्यानीं आलें कीं, मजुरी वाढवून मिळाली तरी माग वाढवून ती वसूल करतां येते. यंत्राचा वेग गिरणीच्या भिंतींआड ठरतो. पण दिवसाचे तास कायद्याला मोजतां येतात. म्हणून त्यांनीं आपली सारी शक्ति एका मागणीवर एकवटली. ती मागणी म्हणजे दहा तासांचा दिवस.

ही मागणी नवी नव्हती. फिलाडेल्फियाच्या कारागिरांनीं १८३५ सालीं मोठा संप करून दहा तासांचा दिवस मिळविला होता, आणि १८४० सालीं राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरन यानें मध्यवर्ती सरकारच्या बांधकामांवरील लोकांना तो लागू केला होता. १८४२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयानें कामकऱ्यांनीं संघ स्थापणें हा स्वतः गुन्हा होत नाहीं असा निर्णय दिला. परंतु हे लाभ मुख्यतः हुन्नरी पुरुषांचे होते. गिरणींतल्या स्त्रियांपर्यंत त्यांतलें फारच थोडें पोंचलें होतें.

या सुमारास साराह बॅग्ले हें नांव पुढें येतें. न्यू हॅम्पशायरमधून आलेल्या या बाईनें आरंभीं ‘लोवेल ऑफरिंग’मध्यें गिरणींतल्या जीवनाच्या सुखांवर लेखहि लिहिला होता. आठ वर्षांच्या अनुभवानें तिचें मत पालटलें. १८४४ च्या अखेरीस मूठभर मैत्रिणींसह तिनें लोवेलच्या स्त्री-कामगारांची सुधारणा-सभा स्थापिली. थोड्याच महिन्यांत तिच्यांत शेकडों जणी सामील झाल्या. ‘व्हॉइस ऑफ इंडस्ट्री’ नांवाच्या पत्रांतून त्या लिहूं लागल्या. ‘ऑफरिंग’ गिरण्यांविरुद्ध कांहींहि छापीत नाहीं, असा आरोप बॅग्लेनें १८४५ च्या उन्हाळ्यांत भर सभेंत केला. ‘ऑफरिंग’ची संपादिका हॅरिएट फार्ली हीहि गिरणींत काम केलेली बाई, कामकरी स्त्रीचें मन सुसंस्कृत असूं शकतें हें जगाला दाखवावें, हा तिचा हेतु. दोघींत जो वाद झाला त्यांत एकीला मान हवा होता, तर दुसरीला वेळ. पण वाचावयास उसंतच नसेल तर वाचनालयाचा मान काय कामाचा, या प्रश्नाचें उत्तर फार्लीला देतां आलें नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ऑफरिंग’ बंद पडलें.

मताचा अधिकार नसलेल्या मनुष्याला लोकशाहींत एक साधन उरतें, तें म्हणजे विनंती-अर्ज. दहा तासांचा कायदा करावा, अशा अर्जांवर १८४५ च्या आरंभीं सुमारें २००० सह्या झाल्या, आणि ते अर्ज बोस्टनला कायदेमंडळापुढें आले. त्यांची चौकशी करण्यास समिती नेमली गेली. तिचा अध्यक्ष विल्यम शूलर हा लोवेलचाच प्रतिनिधि व तेथील एका वर्तमानपत्राचा चालक होता. अर्जदारांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, तेव्हां बाजू मांडावयास त्यांनाच यावें लागेल, नाहीं तर अर्ज बाजूला ठेवावे लागतील, असें त्यानें कळविलें. बायका सभेंत उभ्या राहण्यास धजावणार नाहींत, असा त्याचा तर्क असावा. उत्तर गेलें कीं, आम्ही येण्यास तयार आहों.

१३ फेब्रुवारी १८४५ या दिवशीं त्या समितीपुढें उभ्या राहिल्या. एलायझा हेमिंग्वे हिनें सांगितलें कीं, आपण जेथें काम करतों त्या एका खोलींत सुमारें १५० माणसें असतात, आणि संध्याकाळच्या कामासाठीं तेथें २९३ लहान व ६१ मोठे दिवे लावतात. श्रोतेहो, तेलाचे साडेतीनशें दिवे, बंद खिडक्या, आणि कापसाच्या तंतूंनीं भरलेली हवा! या साक्षींत कोठेंहि आक्रोश नाहीं. आंकडे आहेत, वेळा आहेत, आजारपणांत बुडालेले दिवस आहेत. हिशेब ठेवण्याची संवय लागलेल्या या मुलींनीं आपल्या आयुष्याचाच हिशेब कायदेमंडळापुढें ठेवला.

समितीनें लोवेलला जाऊन गिरण्या पाहिल्या. गिरण्यांच्या आवारांतली झाडें व खिडक्यांतलीं फुलें पाहून सभासद संतुष्ट झाले. कामाचे तास कमी असावे, जेवणाला वेळ अधिक मिळावा, हें त्यांनीं आपल्या अहवालांत मान्य केलें. पण त्यावर उपाय करणें कायदेमंडळाचें काम नव्हे असा निर्वाळा दिला. एका संस्थानानें तास कमी केले तर धंदा शेजारच्या संस्थानांत जाईल. मजूर शहाणा आहे, तो आपला करार आपण करील. कला आणि शास्त्रें यांची प्रगति होईल, माणसांचा द्रव्यलोभ कमी होईल, आणि मग हे दोष आपोआप जातील, असा त्यांचा युक्तिवाद होता. या युक्तिवादांतला स्पर्धेचा मुद्दा अगदींच पोकळ होता असें म्हणतां येणार नाहीं. पण ज्या मजुराला करार न पटल्यास काळ्या यादींत जावें लागतें त्याचें स्वातंत्र्य कितपत खरें, हें समितीनें विचारलें नाहीं.

मुली गप्प बसल्या नाहींत. शूलरनें आमच्या साक्षींतला मुख्य भाग अहवालांतून गाळला, असा ठराव करून त्यांनीं त्याला पुन्हां निवडूं नये अशी मोहीम उघडली. स्वतःला एकहि मत नसलेल्या या स्त्रियांनीं मतदारांचीं मनें वळविण्याचा उद्योग केला. त्या वर्षाच्या निवडणुकींत शूलर पडला, आणि त्यांनीं लोवेलच्या मतदारांचे जाहीर आभार मानले. पुढच्या वर्षीं, १८४६ सालीं, अर्जांवरच्या सह्यांची संख्या सुमारें १०,००० वर गेली. त्यांतल्या चार हजारांहून अधिक एकट्या लोवेलच्या होत्या. कायदेमंडळानें याहि वेळीं नकार दिला.

शेजारच्या न्यू हॅम्पशायरनें १८४७ सालीं दहा तासांचा कायदा केला. अमेरिकन संस्थानांत असा हा पहिलाच. परंतु त्यांत एक पळवाट होती. मजुरानें विशेष करार करून अधिक तास काम करण्याचें मान्य केलें तर कायद्याची हरकत नव्हती. कायदा अमलांत येण्यापूर्वींच कंपन्यांनीं छापील करार पुढें केले, आणि सही न करणाराला काम मिळेना. कायदा कागदावर राहिला आणि घंटा पूर्वींच्याच वेळीं वाजत राहिली. सुधारणेच्या इतिहासांत ही गोष्ट पुनःपुन्हां आढळते. हक्क देतांना तो सोडून देण्याचीहि मुभा ठेविली कीं दुर्बळाला तो सोडावाच लागतो.

या लढ्याची एक बाजू अजून सांगावयाची राहिली. लोवेलच्या चात्यांवर जो कापूस येई तो दक्षिणेकडील मळ्यांत गुलामांच्या हातांनीं वेंचलेला असे. आणि लोवेलला विणलेलें जाडेंभरडें कापड पुष्कळ अंशीं त्याच गुलामांच्या अंगावर जाई, इतकें कीं, त्या कापडालाच गुलामांत ‘लोवेल’ म्हणत. आम्ही गुलाम नव्हों असें म्हणणाऱ्या मुलींना हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्यांच्यांतल्या कित्येकींनीं गुलामगिरी बंद करावी अशा अर्जांवरहि सह्या केल्या. तरी त्यांची मजुरी ज्या कापसावर चालत होती त्याचा संबंध तुटला तो १८६१ सालीं यादवी युद्ध पेटल्यावरच. त्या वेळीं लोवेलच्या कित्येक कंपन्यांनीं गिरण्या बंद ठेवून शिलकी कापूस चढ्या भावानें विकून टाकला व हजारों कामकऱ्यांना घरीं बसविलें. त्याच तुटवड्यानें आपल्याकडे कापसाचे भाव भडकून मुंबईंत सट्ट्याचा तो प्रसिद्ध पूर आला आणि १८६५ सालीं ओसरला. मेरिमॅकच्या कांठची घंटा आणि मुंबई बंदरांतल्या कापसाच्या गांठी या एकाच बाजाराच्या दोरीनें बांधलेल्या होत्या.

मग या मुलींना मिळालें काय? कंपन्यांनीं १८४७ सालीं जेवणाची सुटी थोडी वाढविली आणि १८५३ सालीं दिवस अकरा तासांवर आणला. स्त्रियांना व मुलांना दहा तासांहून अधिक राबवूं नये, असा कायदा मॅसॅच्युसेट्सनें केला तो १८७४ सालीं, पहिल्या साक्षीनंतर एकोणतीस वर्षांनीं. तोंपर्यंत सह्या करणाऱ्या मुलींपैकीं बहुतेक जणी गिरण्या सोडून केव्हांच गेल्या होत्या. त्यांच्या मागांवर, भुकेनें देशोधडीला लागून आलेल्या आयरिश स्त्रिया उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागोमाग कॅनडांतून आलेल्या फ्रेंच भाषिक स्त्रिया. त्यांना वसतिगृहांतला पियानो लाभला नाहीं. पण दहा तासांचा दिवस लाभला. कृपा ज्यांच्यावर झाली त्यांच्याबरोबर ती संपली. कायदा मात्र पुढें आलेल्या अनोळखी बायकांच्याहि उपयोगीं पडला. माझ्या मतें या साऱ्या इतिहासाचें सार एवढ्यांतच आहे.

साराह बॅग्ले १८४६ सालीं तारखात्यांत शिरली. त्या धंद्यांतल्या अगदीं पहिल्या स्त्रियांपैकीं ती एक. तेथेंहि आपल्याला पुरुषाहून कमी पगार मिळतो असें तिला आढळलें. आणि १८३६ च्या संपांत पुढें झालेली ती अकरा वर्षांची हॅरिएट? तिनें उतारवयांत आपल्या गिरणींतल्या दिवसांच्या आठवणी १८९८ सालीं प्रसिद्ध केल्या, आणि आयुष्याचीं अनेक वर्षें स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून खर्च केलीं. विनंती-अर्जाची शक्ति कोठें संपते हें तिनें लहानपणींच पाहिलें होतें. १९११ सालीं ती वारली. अमेरिकेंतल्या स्त्रियांना राष्ट्राच्या घटनेनें मत मिळालें तें त्यानंतर नऊ वर्षांनीं.